सहा बुटके आणि तीस वाटाणे

...नाही, मला एवढंच सांगा, माणसानं स्वतःशीच खेळताना स्वतःशीच लबाडी केली, तर माफी कुणी कुणाची मागायची? हसू नका! मागच्या शनिवारी भर दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न उभा राहिला, आणि विचारायला खोलीत माझ्याशिवाय मीच! एकट्यानं खेळ म्हणे! कुणाची कटकट नाही म्हणे!

तुम्हाला सांगतो, मी नेव्हिल, वय चौसष्ट, सगळा जन्म नॉटिंगहॅममध्ये गेला आणि त्यातली बावीस वर्षं दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये रॉयस्टनशी लढाया करण्यात गेली. खऱ्या नव्हेत हो! अंगठ्याएवढे धातूचे सैनिक, आपणच बारीक ब्रशनं रंगवायचे, अगदी डोळ्यातल्या बुबुळासकट, मग टेबलावर मांडायचे, टेपनं इंच मोजून पुढे सरकवायचे आणि कोण मेलं ते फासे टाकून ठरवायचं. माझे दाढीवाले बुटके, त्याचे गॉब्लिन, म्हणजे हिरवी, नकटी, दात विचकणारी भुतं. बावीस वर्षं! एवढं तर ग्लेनिसचं, म्हणजे माझ्या बायकोचं, पहिलं लग्नही टिकलं नव्हतं.

आणि मोडलं कशावरून? तर एका टोपीवरून! माझ्या तिरंदाजाला त्याचा म्होरक्या झाडाआडून दिसत होता, आणि दिसला तरच बाण मारता येतो. दिसत होता म्हणजे दिसतच होता! पण रॉयस्टन गुडघ्यावर बसला, टेबलाला गाल लावला, एक डोळा मिटला, असा... आणि म्हणतो, "नाही दिसत."

"अरे, टोपीचं टोक दिसतंय की!"

"टोपीला बाण लागून कुणी मरतं का रे?"

"गॉब्लिनचं काय सांगावं, मरतही असेल!"

तर उठला, गुडघे झटकले, आणि सगळ्या हॉलसमोर, चहाचे कप हातात घेऊन उभ्या असलेल्या दहाबारा जणांसमोर म्हणाला, "नेव्हिल, बावीस वर्षं तुला जे दिसायला हवं असतं, तेच दिसतं." मी बुटके खोक्यात भरले, कोट उलटा घातला तोही तसाच, आणि दारातून ओरडलो, "माझं मी खेळीन!"

झाले की तीन आठवडे. ग्लेनिस रोज म्हणायची, "एक फोन कर त्याला." मी? मी का करायचा? फोन काय त्याच्याकडे नाही?

तर शनिवारी मांडली लढाई. पुस्तकात एकट्यासाठी खास दिलेली. पूल, खाली नदी, पुलावर माझे सहा बुटके, पलीकडून तीस गॉब्लिन, आणि आठ पाळ्या पूल राखायचा. आता गॉब्लिन माझ्याकडे कुठले? ते सगळे रॉयस्टनचे! मग फडताळातले सुके वाटाणे काढले. हिरवे असतात, खुजे असतात, आणखी काय पाहिजे? म्होरक्या म्हणून एक अक्रोड ठेवला. सुरकुतलेला, टणक, कुणाचं न ऐकणारा... मला कुणाची आठवण झाली ते मी सांगत नाही.

पुस्तक म्हणतं, शत्रूला चालवायची चिंता नको, फासा टाका, तक्त्यात बघा. टाकला. तक्ता म्हणतो, 'शत्रू गोंधळून जागीच थांबतो.' बरं. दुसरी पाळी. 'शत्रू गोंधळून जागीच थांबतो.' तिसरी पाळी. तुम्हाला काय वाटतं? थांबला! तीस वाटाणे थांबलेत, सहा बुटके थांबलेत, मी कुऱ्हाडी परजून बसलोय, आणि समोर युद्ध कसलं, सूप करायची तयारी! एकट्यानं खेळ म्हणे! कुणाची कटकट नाही म्हणे! अहो, कटकट नाही म्हणजे काय, काहीच नाही!

मग मी तक्ता दिला भिरकावून. म्हटलं, वाटाण्यांना डोकं मीच पुरवतो. उठलो, टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसलो आणि विचार केला, मी गॉब्लिन असतो तर काय केलं असतं? आता खरं सांगू? गॉब्लिनांच्या बाजूनं विचार करणारा एकच माणूस मी आयुष्यात बघितलाय. त्यामुळे ते डोकं आपोआप त्याचंच झालं. मी नाकानं सूं करायला लागलो, तो करतो तसं. मी माझ्याच बुटक्यांकडे बघून म्हणालो, "काय रे, दाढ्या रंगवल्यास की कस्टर्ड सांडलंस?"

मी टेबलाला वळसा घालून परत आलो, माझ्या खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "तोंड सांभाळून बोल!"

पुन्हा वळसा. "फासा टाक रे, भाषण नको."

टाकला. दोन बुटके गेले. पुढच्या पाळीत आणखी एक. आणि एक फासा टेबलाखाली गेला, त्यावर सहा पडले होते, माझ्या कामाचे सहा! मी म्हटलं, हे धरायचे. पलीकडून मीच म्हटलं, खाली पडलेला फासा धरत नाहीत. मी म्हटलं, माझं घर, माझी जमीन! पलीकडून काय यावं? "लबाड आहेस, लबाड!" तोंड माझंच हो, पण शब्द किती लागावा? मी टेबलावर मूठ आपटून गरजलो, "रॉयस्टन, तुझ्या वाटाण्यांसकट चालता हो!"

तेवढ्यात दार उघडलं. ग्लेनिस! हातात ट्रे, ट्रेमध्ये तीन कप आणि आल्याची बिस्किटं, आणि चेहरा कसा उजळलेला! म्हणते, "आला एकदाचा! कुठे आहे?"

"कोण?"

"रॉयस्टन! अर्धा तास भांडणं ऐकतेय, जिवाला बरं वाटलं बघ."

तिनं रिकामी खुर्ची बघितली, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तू एकटाच..." एवढंच म्हणाली आणि ट्रे टेकवला. ट्रे टेकला टेबलाच्या कडेवर, टेबल हललं, अक्रोड पुलावरून घरंगळला आणि थांबला कुठे? अर्धा नदीत, अर्धा काठावर! बुडाला की वाचला? पुस्तक चाळलं, पुढून, मागून... सापडेना.

ग्लेनिस म्हणाली, "हे कुणाला माहीत असेल?" आणि नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मला वाटतं, ती बिस्किटं तिनं परत न्यायच्या आत मी ऐकलेलं बरं होतं.

"बोल," रॉयस्टन म्हणाला. हॅलो नाही, काही नाही.

"म्होरक्या पुलावरून घसरला. अर्धा पाण्यात, अर्धा काठावर. बुडाला का?"

"धक्का कशाचा?"

"चहाच्या ट्रेचा."

"भूकंप धर. भूकंपात काठाला लागलेला वाचतो. पान सत्तेचाळीस, तळाशी, बारीक अक्षरात."

बघितलं. होतं!

फोनमधून नुसती सूं ऐकू येत होती, ही मात्र खरी. शेवटी म्हणतो, "गॉब्लिनांकडून कोण खेळतंय?"

खोटं सुचेना हो. "तू."

"जिंकतोय मी?"

"हो."

मग आवाज खाली आणून म्हणतो, "नेव्हिल, मीही इकडे स्वयंपाकघरात पूल मांडून बसलोय. तुझे बुटके म्हणून बाटल्यांची बुचं ठेवलीत."

मी विचारलं, "आणि बुचांकडून कोण खेळतंय?"

"दुसरं कोण? सकाळपासून तूच डोकं खातोयस माझं." आणि मग, "गुरुवारी येशील?"

"येईन."

फोन ठेवणार होतो. पण माणसाचं मन, राहवतंय होय? थोडी आशा असतेच ना! विचारलं, "तिकडे कोण जिंकतंय?"

"मीच की!"

एकट्यानं खेळ म्हणे! एका शनिवारात दोन घरांत हरलो, तुम्हाला सांगतो... आणि त्यातल्या एका घरात तर मी गेलोही नव्हतो!