पास्कलची साक्ष

(अर्नाळा, १९९८. सकाळची मिस्सा संपली आहे. चर्चच्या पायरीवर फादर जेम्स आणि मच्छीमार पास्कल.)

फादर: म्हणजे म्हाताऱ्या अँथनीकडे तू उद्यापासून जाणार नाहीस?

पास्कल: तेच सांगायला घरातनं निघालो होतो, फादर. फ्लोराला पन सांगितलं. ती म्हनाली, "तुमच्या शब्दापेक्षा माझं कोलंबीचं कालवन जास्त टिकतं."

फादर: बायको बरोबर बोलली. होडी उलटली तेव्हा देवाला शब्द तू दिलास. मी नव्हतो तिथे.

पास्कल: जाळ्याचा तरंगता बोया धरून लटकत होतो, फादर. त्या टायमाला मानूस काय पन देतो. "वाचवलंस तर तुझी सेवा करीन." नथूच्या होडीनं मला वर घेतला. आता माझ्या डोक्यात सेवा म्हंजे काय? सणाला वेदीपाशी उभा राहीन, देवानं कसा वाचवला त्याची माईकवर साक्ष देईन, बाया पदरानं डोळे पुसतील. नवा शर्ट पन शिवून ठेवला.

फादर: आणि मी तुला दिली अंथरुणाला खिळलेल्या माणसाची आंघोळ.

पास्कल: आंघोळ कुठली, लढाई! पानी गरम झालं तरी शिव्या, गार झालं तरी शिव्या. डोळ्यात साबन गेला की माझ्या आज्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार. मी आपला वर बघून देवाला म्हनायचो, बघतोस ना? नीट बघ.

फादर: मग आज काय झालं?

पास्कल: शेवटची आंघोळ म्हनून इथं येताना त्याच्याकडे गेलो, तर त्यानं तांब्या फेकला. माझं पन डोकं फिरलं. बोललो, "तुला धुवायला देवानं मला समुद्रातनं काढला काय?" तर माझ्याकडे बघायला लागला. मग हळूच विचारतो, "पानी थंड होतं काय रे?"

फादर: पाणी?

पास्कल: त्याचा इनास, फादर. तुम्ही इथं यायच्या आधीची गोष्ट. एकुलता पोरगा. मासे मारायला गेला तो परत आलाच नाय. हे अख्ख्या गावाला ठाऊक. आनि मी शहाना, रोज त्याच घरात जाऊन मनात आपली साक्ष पाठ करत होतो.

फादर: काय सांगितलंस त्याला?

पास्कल: खरं तेच. पानी कोमट होतं. मग म्हनतो, "घाबरलास?" म्हटलं, लई. "हाक कोनाला मारलीस?" आता माझ्या साक्षीत मी पान्यात अख्खी रोझरी म्हनतो, फादर. पन त्याच्या तोंडाकडे बघून ते निघेना. सांगितलं, एक पन प्रार्थना धड आठवली नाय. नुसता "बाबा, बाबा" ओरडत होतो. देवाचा नंबर नंतर लागला.

फादर: आणि अँथनी?

पास्कल: रडला. मी पन रडलो. साबन तसाच अंगावर सुकला. मग त्यानं देवाचे उपकार मानले. म्हनाला, "तुला काढला ते बरं केलं त्यानं. नायतर हे मला कोन सांगनार होतं?"

फादर: पास्कल, या सणाला माईक तुझा. दे साक्ष.

पास्कल: नको, फादर. ती देऊन झाली. मी आलो चर्चमधल्या चाकांच्या खुर्चीसाठी. इनास गेल्यापासून म्हातारा समुद्राकडे फिरकला नाय. आज म्हनतो, उद्या ने.

फादर: खुर्ची घेऊन जा. पण वाळूत चाकं रुततात रे.

पास्कल: हां, ते पन खरं. मग राहू द्या. पाठीवर नेतो.