सोवाचं यान

(घानातलं टेशी गाव. ओकाई सुतार शवपेट्या बनवतात ती शेड. मासा, कोकोची शेंग, बस अशा आकारांच्या पेट्या रंग वाळायला ठेवल्यात. मृत सोवाची आई देडे आणि त्याचा मित्र आशिते बाकावर बसलेत.)

आशिते : यानाला पंख नकोत, काका. अंतराळात हवाच नसते, पंख मारणार कशावर? सोवानं शंभरदा ऐकवलंय मला.

ओकाई : अरे, पंख नसले तर लोक म्हणतील, ओकाईनं भोपळा केला.

देडे : यान-बिन काही नको. बायबलच्या आकाराची करा. पाद्री तेवढीच चर्चच्या आत घेतात.

आशिते : मावशी, यान त्यानंच सांगितलं होतं. हॉस्पिटलात, शेवटी शेवटी.

देडे : मग मला का नाही सांगितलं?

आशिते : तुम्ही त्याला मरणाचा विषयच काढू देत नव्हता.

देडे : कसा काढू देणार? रक्तातच दोष घेऊन आलेलं पोर. हाडं ठणकायची, मी पाय चोळत बसायचे. आणि तू उशाशी बसून त्याच्याशी सिनेमातल्या ड्रॅगनवरून वाद घालायचास. एवढं धूड उडतं कसं म्हणून.

आशिते : तो म्हणायचा, उडेल रे, पण खातं काय? रोज एक बैल तरी लागेल. आणि त्या अख्ख्या राज्यात एक गुराखी दाखवलेला नाही.

देडे : मला राग यायचा तुझा. आजारी माणसाशी कशाला हुज्जत घालतोस, वाटायचं.

आशिते : वाद रंगला की त्याला दुखणं जाणवायचं नाही, मावशी. म्हणून मी मुद्दाम उलटं बोलायचो. अंतराळात यानाला आवाज असला काय, नसला काय, मला काय करायचंय?

ओकाई : बाई, तुमच्या मालकांना मी होडी केली, तेव्हा पाद्री अंगणात येऊन प्रार्थना करून गेले. याही वेळी येतील.

देडे : करा मग यान. पंख नका लावू. आणि पांढरा रंग नको, हॉस्पिटलसारखा.

ओकाई : निळा देतो. गडद.

देडे : आशिते, तुमच्या त्या सिनेमांत गेलेली माणसं परत येतात का रे?

आशिते : काहींत येतात. मेलेलीसुद्धा. तसं दाखवलं की सोवा भडकायचा. म्हणायचा, मेला तर मेला, हा काय भिकारपणा. तिथंच टीव्ही बंद करायचा.

देडे : तसला आहे तुझ्याकडे एखादा?

आशिते : भिकार? खूप आहेत.

देडे : रविवारी घेऊन ये. शेवटपर्यंत बघू.