घर्षणाची दिशा

बसच्या रांगेत माझ्या मागे मायलेकी होत्या. लेक वसतिगृहात निघालेली, ट्रंकेवर कागद ठेवून गणित सोडवत होती.

"आई, खोक्याला पुढे वीस न्यूटनचा जोर, मागे पंधराचा. घर्षण जास्तीत जास्त आठ. माझं त्वरण उणे येतंय."

"म्हणजे खोकं आपसूक मागे निघालं?"

"गणित तर तेच म्हणतंय."

"अगं वेडे, डोळे मिटून बघ. घर्षण कधी मागे ओढत नाही. निघालेल्याला नुसतं धरून ठेवतं."

"मग त्वरण?"

"शून्य. खोकं जागच्या जागी."

"कायमचं?"

"पुढचा जोर वाढेपर्यंत."

"आई, बस आली."

"हं."

"आई... ट्रंकेची कडी सोड ना."