इटलीतलं स्थळ

समुद्राचं नाव काढलं की मले गजूच आठवते. हा माझा राळेगावचा दोस्त, कापसाची शेती करते. घरी रोज लग्नाचा विषय निघे. "जिथं कोणी स्थळ काढणार नाही तिथं चाल," म्हणे, अन् पाठीवर पिशव्या टाकून आम्ही इटलीतली समुद्रकाठची गावं फिराले निघालो.

एका गावात म्हाताऱ्या बाईच्या घरी खोली घेतली. जेवण वाढता वाढता तिनं मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, "लग्न झालं का?" गजूनं नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची भाची कॉफी घेऊन हजर. गजू उठून शर्ट बदलून आला.

"कायले बे? तू तं पळून आलता," मी म्हटलं.

"चूप बस."

भाचीनं विचारलं, काय करतोस? यानं शेताचे, बैलाचे फोटो दाखवले. तिनं कौतुकानं पाह्यले अन् मावशीच्या कानात काही सांगितलं. मावशीनं संकोचत मोबाइल आमच्यापुढं धरला. त्यातला आवाज शुद्ध मराठीत बोलला, "मुलगा छान आहे, पण शेतकरी नको."

गजूनं शांतपणे कॉफी संपवली. म्हणे, "उगाच परका देश म्हणतात बे. सारे आपल्यासारखेच हायेत."