पडद्याजवळची जागा

…नाही, पण तुमाले सांगतो, सहा वर्सं! सहा वर्सं तो माणूस नजीरभाईच्या तंबूत पडद्याच्या बाजूले काठी घेऊन उभा राह्यला, अमेरिकन फिल्लममधल्या मुक्या सायबाइले वऱ्हाडी बोलाले लावलं, आन् त्यालेच एका हप्त्यात खाली बसवलं, तं पोटात दुखणार नाही? चुकलं काय त्याइचं, मले सांगा.

चिंतामणबाबू म्हणजे जळगाव जामोदच्या तहसिलीतले कारकून, पगार नागपूर सरकारचा. फिल्लम तवा मुकी. मधीमधी इंग्रजी पाट्या येत, त्या वाचून पब्लिकले समजावणारे हेच एकटे. पाटीवर नुसतं 'थांब' असे, आन् बाबू म्हणत, "थांब बे, माह्या घोड्याले हात लावशील तं तुले सातपुड्यात नेऊन सोडीन." तंबू हसून हसून पडे.

मंग नीळकंठ मास्तर मुंबईले गेले आन् तिथं कोन्या बर्फाच्या मुलखातली फिल्लम पाहून आले. आले ते बदलूनच आले. म्हणत, अमेरिकन फिल्लम म्हणजे नुसती धावपळ, खरी कला युरोपात, तिकडचा नट डोळ्यानं बोलतो. हे शाळेत सांगत, हॉटेलात सांगत, बाबूच्याच घरी बाबूचाच चहा पिता पिता सांगत… आन् बाबूची बायको शरयूबाई बशी हातात धरून ऐकत राहे. सहा वर्सांत बाबूचा एक घोडा तिनं असा ऐकला नव्हता. माणूस जळणार नाही तं काय करणार?

नजीरभाईनं तीच फिल्लम मागवली. बाबूले अदबीनं म्हणे, "बाबूजी, पसंद मास्तर की है, समझाएंगे भी मास्तर. आप आगे बैठो, आराम से." आराम… चुकलं काय त्याइचं, मले सांगा.

शनिवारी बाबू पहिल्या ओळीत बसले, मास्तर कुठं अडकते ते पाहाले. आन् पहिल्याच पाटीले अडकले! मुंबईत पाट्या इंग्रजी होत्या, इथं आली ती मुळातली, तिकडच्याच भाषेतली. अक्षरं इंग्रजी, शब्द एकही इंग्रजी नाही. मास्तरनं काठी उचलली, परत ठेवली, घाम पुसला. बाबू हरखले. आता आपल्याले बोलावणं येते, म्हणून टोपी सारखी करून बसले.

पण पडद्यावर एक म्हातारी होती. लेक जहाजावर गेलेला. ती रोज दोन ताटं वाढे, एक जेवे, एक झाकून ठेवे. बर्फ पडला, दोन ताटं. कोणी चिठ्ठी आणून दिली, तिनं ती न वाचता चुलीत टाकली, दोन ताटं. मंग एका दिवशी तिनं दुसरं ताट हातात घेतलं, झग्याच्या टोकानं पुसलं, आन् फळीवर ठेवून दिलं. बस. बाबूनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आन् त्याच वक्ताले त्याइले कळलं, का आपण तिथं असतो तं या म्हातारीच्या तोंडी दहा वाक्यं घातली असती, आन् सगळी माती केली असती. खरा हेवा वाटला तो तवा. तोंड न उघडता तिथं उभा होता तो मास्तर!

बाहेर सारी गर्दी मास्तरभोवती. रुखमाबाई भाजीवाली डोळे पुसत म्हणे, "काय समजावलं बापा तुमी, शब्द न् शब्द समजला." आता बाबू काय सांगतील, का तो माणूस एक शब्द बोलला नाही? शरयूबाई तं घर येईपर्यंत म्हणत होती, मास्तर किती मोजकं बोलतात नाही. चुकलं काय त्याइचं…

पुढल्या शनिवारी अमेरिकन फिल्लम. मास्तर कशाले येते, काठी बाबूच्या हातात. बाबूनं ठरवलं, आज आपणही गप. पाटी आली, गेली. घोडा धावला, गोळी सुटली, सायब दरीत पडला. बाबू गप. मोठ्या तोऱ्यात गप. पाच मिनिटं तंबू शांत, बाबूले वाटलं, जमलं.

तेवढ्यात अंधारातून रुखमाबाईचा आवाज आला, हळू, काळजीचा. "नजीरभाई, बाबूले कोणी हलवून पाहा बापा, उभ्या उभ्या झोप लागली त्याइले."

काय करता… बाबू खाकरले, आन् घोड्याले आवाज दिला.