सगळ्यात धीट कोण?

चिशिनाऊच्या बसस्थानकावर, इटलीला जाणाऱ्या गाडीतून बहिणीला पुडकं पाठवण्यासाठी मी रांगेत उभी होते. माझ्यापुढे प्रवासाला निघालेली एक आई होती आणि तिला पोचवायला आलेली तेरा-चौदा वर्षांची मुलगी.

"दोइना, त्या कादंबरीवरच्या निबंधाला किती मिळाले?"

"दहापैकी चार."

"चार? अगं, दोनदा वाचलंस ना पुस्तक?"

"सगळ्यात धीट कोण, असं विचारलं होतं. सगळ्यांनी थोरल्या बहिणीचं नाव लिहिलं. आई परदेशी जाते, तरी ती रडत नाही म्हणून."

"बरोबरच आहे की! तू कोणाचं लिहिलंस?"

"धाकट्याचं. तो गाडीच्या दारात आडवा पडतो आणि 'जाऊ नकोस' म्हणून ओरडतो."

"हा तर हट्ट झाला. याला धीटपणा म्हणतात होय?"

"बाईंनीही लाल शाईने हेच लिहिलंय."

"मग थांबते का त्याची आई?"

"नाही. पण तो म्हणाला तरी."

"इकडे बघ जरा. दोन वर्षं मी तिकडे परक्या म्हातारीला आंघोळी घालणार. तुला काही म्हणायचंय का?"

"गाडी आली, आई. चष्मा घेतलास ना?"

"घेतला. घरी आपला छोटा नेलू उठला की त्याला..."

"दूध देईन. त्याला सांगितलं नाहीस ना, आज जातेस म्हणून?"

"कसं सांगणार? त्याने मला सोडलंच नसतं."

"हो."

"माझी धीट पोर गं तू!"

"चढ, आई. खिडकीची जागा जाईल."