चाखणं म्हणजे खाणं नव्हे!

अहो, चाखणं म्हणजे खाणं नव्हे! हेच मी त्या डॉक्टरीणबाईंना सांगत होते, पण ऐकतील तर शपथ! तुम्हाला सांगते, बेकरी माझी, केक माझ्या हातचा, मग क्रीम जमलंय का ते शेजारीण येऊन बघणार? बोटभर हे, चमचाभर ते... आणि बाई रक्ताचा रिपोर्ट नि वजनकाटा बघून म्हणतात कशा, "काकू, साखर वाढलीय, वजनही वाढलंय, छाती तपासून घेऊ." आता साखर रक्तात, चरबी पोटावर, छातीनं कुणाचं घोडं मारलंय?

तर म्हणे, "पाळी गेल्यावर अंगावरची चरबीच हार्मोन बनवते, त्यात मधुमेह, मग स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. वाढतो म्हणजे होतोच असं नाही हं! बारीक बाईलाही होतो." आणि तपासता तपासता त्यांचा हात थांबला. "इथं गाठ लागतेय."

घाबरले हो! खोटं कशाला बोलू? बाहेर आमचे हे विचारतायत, "ते... वरचं... काय म्हणाल्या?" दोन पोरं झाली, पण ह्यांच्या तोंडातून 'छाती' हा शब्द फुटेल तर ना! मग छातीचा फोटो काढायचं ते मॅमोग्राफीचं मशीन. दोन फळ्यांत असं दाबलं, असं दाबलं... पाव दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकांवर मी जन्मभर ओरडत आले, त्या सगळ्यांचे शाप एकदम भोवले बघा!

मग सोनोग्राफी. रिपोर्ट येईपर्यंत चाखणंसुद्धा सुचलं नाही. आणि रिपोर्ट काय? पाण्याची गाठ, साधी! मी रडले, हे रडले, डॉक्टरीणबाई तेवढ्या कोरड्या: "वजन उतरवा. रोज चाला. आणि चाखणं बंद!" अहो, पण चाखणं म्हणजे... जाऊ दे.

चालायला वेळ कुठाय? दुकान कोण बघणार? पण जीव वाचला म्हटल्यावर गप्प कशी बसू? केक घ्यायला बाई आली की मी विचारायचे, "ताई, साखर तपासली? छाती दाखवली?" एक तर केक तिथेच टाकून पळाली! हे कडाडले, "अगं, बेकरी आहे की दवाखाना? जा, फिरून ये!"

आता रोज संध्याकाळी गर्दीच्या वेळी हे मला दुकानाबाहेर काढतात. तासभर चालते. वजन उतरतंय, साखर उतरतेय... आणि मी नसले की विक्री दुप्पट होतेय हो, हे दुखणं कुठल्या डॉक्टरला दाखवू?